ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी: सुरुवात कशी करायची

दुखणं कमी व्हावं म्हणून मी सहा महिने रोज न चुकता कीगल केले. खालचे स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे. दुखणं वाढलं. लघवीनंतरची आग आधी अर्धा तास टिकायची, ती दुपारभर टिकू लागली. मला वाटलं व्यायाम कमी पडतोय, म्हणून वीस मोजायला लागले. शेवटी ज्या फिजिओथेरपिस्टकडे पोचले त्यांनी तपासून एवढंच सांगितलं, "तुमचे स्नायू कमजोर नाहीत, दमलेत. दिवसभर आवळलेलेच असतात. आपण त्यांना सोडायला शिकवू."

ही थेरपी सुरू करताना बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे बांधलेले स्नायू, म्हटलं की ‘बळकट करा’ हेच कानावर पडलेलं असतं. त्यात अर्नोल्ड कीगल यांची चूक नाही. या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर स्नायू सैल पडून लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी, आणि त्या कामासाठी ते आजही उत्तम आहेत. जुनाट दुखण्यात मात्र हे स्नायू बऱ्याचदा सैल नसून ताठरलेले असतात. मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा नेमाने करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. नाव वेगळं असलं तरी क्रिया आवळण्याचीच आहे. दुखणं असेल तर तपासणी होईपर्यंत हे सगळं थांबवा. पहिली पायरी हीच समजा.

ही झोळी नेमकी कुठे असते

पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती हाडं. या चौकटीत खालून झोळी बांधावी तसे स्नायू असतात. मूत्राशय, मलाशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट या झोळीवर टेकलेले असतात. लघवी आणि शौच धरून ठेवणं, योग्य वेळी सोडणं, संभोग, कण्याला आधार, या सगळ्यांत तिचा हात असतो. श्वासाशीही तिचं नातं आहे. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, तशी झोळीही किंचित खाली जाते. सोडताना दोन्ही वर येतात. पुढची अर्धी थेरपी या एका हालचालीवर उभी आहे.

दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू घट्ट होणं हा शरीराचा स्वभाव आहे. पाय मुरगळला की पोटरी ताठरते, तसंच इथे होतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), वारंवार होणारा मूत्रसंसर्ग, मूत्राशयाचं दुखणं, योनीमुखाची जळजळ, गुदद्वाराची जुनी चीर, माकडहाडाला लागलेला मार, शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण. कारण काहीही असो, स्नायू आवळले जातात. मूळ कारण बरं झालं तरी आवळण्याची सवय मागे राहू शकते. मग आवळलेला स्नायूच दुखू लागतो, दुखतो म्हणून आणखी आवळतो. महिनोन्‌महिने हे चाललं की मेंदू आणि मज्जारज्जूही हळवे होतात आणि साध्या स्पर्शालाही दुखणं म्हणून वाचू लागतात.

पुरुषांनी हे बायकांचं दुखणं समजून लेख मिटू नये. ज्याला जुनाट प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज, म्हणतात त्यातल्या बहुतेक रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग सापडतच नाही, तरी प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स होत राहतात. अशा अनेकांचं दुखणं याच स्नायूंत असतं.

या उपचाराला आधार आहे का? २०१२ साली मूत्राशयाच्या दुखण्याच्या ८१ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या पेल्विक फ्लोअरमध्ये दुखरेपणा होता. एका गटाला याच स्नायूंवरची हाताने दिलेली थेरपी मिळाली, दुसऱ्याला सर्वांगाचा मसाज. दोन्हीकडे जास्तीत जास्त दहा सत्रं. पहिल्या गटात ५९ टक्के जणींना स्पष्ट फरक वाटला, दुसऱ्यात २६ टक्के. म्हणजे उपयोग होतो, पण सगळ्यांना होतो असं नाही. दोन्ही आकडे डोक्यात ठेवून सुरुवात केलेली बरी.

आधी डॉक्टर, मग थेरपी

स्नायूंवर काम सुरू करण्यापूर्वी दुसरं काही नाही ना, हे बघून घ्या. लघवीची तपासणी आणि कल्चर, गरजेनुसार लैंगिक संसर्गाच्या चाचण्या, सोनोग्राफी, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञांची तपासणी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं अधिक बारकाईने पाहायला हवं.

काही लक्षणांत थेरपीची वेळ घेत बसू नका. जांघेत, योनीभोवती किंवा गुदद्वाराभोवती अचानक बधिरपणा, लघवी अडकणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांत कमजोरी, हे पाठीच्या तळाशी मज्जातंतू दाबले गेल्याचं चिन्ह असू शकतं. त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा. ताप आणि दुखणं एकत्र असेल, किंवा गरोदर असताना एकाएकी जोराचं दुखू लागलं, तरीही तसंच. लघवीतून किंवा शौचातून रक्त, पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव, कारण नसताना वजन घटणं यांसाठी आधी डॉक्टर.

आता ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ या वाक्याबद्दल. ते ऐकून मी एकदा गाडीत बसून रडले होते. पोटाची नेहमीची सोनोग्राफी अवयव दाखवते. स्नायू किती आवळलेला आहे हे तिच्यात पाहिलं जात नाही. रक्तातही ते उतरत नाही. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की ज्या गोष्टी शोधल्या त्या सापडल्या नाहीत. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "माझे पेल्विक फ्लोअरचे स्नायू दाबून कुणी तपासलेत का? त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवता का?"

आणि थेरपी सुरू झाली म्हणून एंडोमेट्रिओसिसची किंवा मूत्राशयाची औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. दोन्ही बरोबरीने चालतात.

थेरपिस्ट निवडताना

प्रत्येक फिजिओथेरपिस्ट हे काम करतो असं नाही. गुडघा-पाठ उत्तम बघणाऱ्यांनीही यात वेगळं शिक्षण घेतलेलं नसेल तर उपयोग नाही. वेळ घेण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. या विषयाचं खास प्रशिक्षण घेतलंय का? लघवी सुटण्याखेरीज दुखण्याचे रुग्णही बघता का? आतून तपासणी नको असेल तर काम करता येतं का? सत्र किती वेळाचं, आणि बंद खोलीत एकटीशी की पडद्याआड चौघांत?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर "हो हो, आम्ही कीगल शिकवतो" असं आलं, तर मी आभार मानून फोन ठेवीन. पुरुष रुग्णांनी ‘पुरुषांना बघता का’ हे आधीच विचारावं. सगळीकडे बघत नाहीत, आणि दारातून परत येण्याचा मनस्ताप वाचतो.

पहिल्या भेटीआधी तीन दिवसांची वही

तीन दिवस, शक्यतो त्यांत एक सुट्टीचा, सगळं लिहून ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, अंदाजे किती झाली, खरंच लागली होती की ‘बाहेर पडायचंय, जाऊन येऊ’ म्हणून गेलात. काय आणि किती प्यायलात. शौच कधी, कुंथावं लागलं का. दुखणं कधी चढलं, त्याआधी काय केलं होतं, कशाने उतरलं. दिवसरात्र मिळून आठपर्यंत वेळा लघवीला जाणं साधारण मानतात. माझ्या वहीत एकोणीस निघाले, आणि त्यातले निम्मे ‘जाऊन येऊ’चे होते. वही नसती तर मी थेरपिस्टना छातीठोकपणे ‘दहा-बारा’ म्हणाले असते.

दुखण्याचं वर्णन करताना ‘दुखतं’ एवढ्यावर थांबू नका. मराठीत याला शब्दांची कमी नाही आणि इथे त्यांचा खरा उपयोग होतो. आग, चुरचुर, विजेसारखी चमक, मुंग्या ही वर्णनं नसेकडे लक्ष वेधतात. ठणका, अवघडणं, ओढ, ‘आत काहीतरी घट्ट बसलंय’ ही बऱ्याचदा स्नायूची भाषा. पेटके आणि येऊन जाणाऱ्या कळा आतड्याच्या, मूत्राशयाच्या किंवा गर्भाशयाच्या असू शकतात. यावरून निदान होत नाही, पण तपासणाऱ्याला कुठून सुरू करायचं ते कळतं. एक बारीक खूण मुद्दाम नोंदवा: बसल्यावर वाढणारं दुखणं कमोडवर बसलं की कमी होतं का? तसं असेल तर प्युडेंडल या नसेचा विचार होतो, कारण कमोडवर मधल्या भागावर दाब येत नाही.

शरीर दिवसभर कुठे आवळलेलं असतं तेही पाहा. पोट आत ओढून चालणं, नितंब घट्ट धरून रांगेत उभं राहणं, दात चावून गाडी चालवणं. माझा जबडा आणि माझा पेल्विक फ्लोअर एकाच वेळी आवळतात, हे मला वहीमुळेच कळलं.

बरोबर काय न्यायचं? रिपोर्ट, शस्त्रक्रियेचे कागद, औषधांची यादी, सैल कपडे. अंघोळीव्यतिरिक्त कसलीही विशेष तयारी, केस काढणं वगैरे, लागत नाही.

पहिली भेट

सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं आणि पहिल्याचा मोठा भाग बोलण्यात जातो. प्रश्न खासगी असतात: लघवी, शौच, पाळी, संभोग, बाळंतपणं, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, झोप, ताण. पूर्वी लैंगिक अत्याचार झाला असेल तर तेही विचारतील. सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे तुमच्या हातात आहे. "त्याबद्दल आत्ता बोलायचं नाही, पण स्पर्शाच्या बाबतीत सावकाश जा" एवढं वाक्य पुरेसं आहे.

मग बाहेरून तपासणी. उभं राहण्याची ढब, पाठ, कंबर, खुबे. पोटाचे स्नायू आणि शस्त्रक्रियेचे व्रण दाबून पाहतात. श्वास कसा घेता ते बघतात. माझा छातीतच अडकलेला होता. खुब्याकडे इतकं लक्ष का, असा प्रश्न मला पडला होता. कारण असं, की खुबा फिरवणारा ऑब्ट्युरेटर इंटर्नस नावाचा स्नायू ओटीपोटाच्या आतल्या भिंतीला लागून असतो आणि झोळीचे काही धागे त्याच्याच आवरणाला बांधलेले असतात. तो आखडला की दुखणं थेट आत जाणवतं.

आतली तपासणी

यालाच सगळे घाबरतात. म्हणून नीट सांगते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे असते तशी ही तपासणी नसते. पाय अडकवायचे पट्टे नाहीत, धातूचं उपकरण नाही. तुम्ही पाठीवर झोपता, गुडघे वाकवलेले, अंगावर चादर. थेरपिस्ट हातमोजा घालून, वंगण लावून, एकच बोट वापरतात. स्त्रियांमध्ये योनीतून किंवा गरजेप्रमाणे गुदद्वारातून, पुरुषांमध्ये गुदद्वारातून. त्याआधी बाहेरची त्वचा पाहतात, काही वेळा कापसाच्या बोळ्याने हलकेच स्पर्श करून कुठे जळजळतं ते तपासतात. मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा हळू दाबत विचारतात, "इथे शून्य ते दहामध्ये किती? हे तुमचंच नेहमीचं दुखणं आहे का?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं. एका ठिकाणी बोट टेकलं आणि माझी मूत्राशयाची आग, जशीच्या तशी, उमटली. चार वर्षं मूत्राशयाला दोष देत होते. निदान थोडा तरी वाटा स्नायूचा निघाला.

यानंतर आवळायला आणि सोडायला सांगतात. ताकद शून्य ते पाच अशी मोजली जाते, पण दुखण्याच्या रुग्णात ‘सोडल्यावर स्नायू खरंच पूर्ण सुटतो का’ याकडे जास्त लक्ष असतं.

हे सगळं तुमच्या संमतीनेच होतं, आणि ती संमती मधेच मागे घेता येते. आधीच एक शब्द ठरवा, ‘थांबा’ चालेल. तो उच्चारला की बोट तिथेच थांबायला हवं, कारण न विचारता. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा. पहिल्या भेटीत नको वाटलं तर पुढच्या भेटीत, किंवा कधीच नाही. श्वास, बाहेरून मसाज, खुब्याचं काम, पोटावरून किंवा बाहेरून सोनोग्राफीने पाहणं, यांवरही बरंच साधतं. संसर्ग चालू असेल, गुदद्वाराला ताजी चीर असेल, बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेला सहा आठवडे व्हायचे असतील, गरोदर असाल, तर आधी सांगा. आतली तपासणी पुढे ढकलतात किंवा डॉक्टरांना विचारून ठरवतात. पाळी चालू असेल तर तुमच्या सोयीवर.

जिथे दार नीट लावलं जात नाही, काय करणार ते न सांगता हात लावला जातो किंवा ‘एवढं काय त्यात’ असं ऐकवलं जातं, तिथून उठून यावं. माझा असा एक अनुभव आहे. मी पूर्ण तासभर दात आवळून पडून राहिले. उठायला हवं होतं.

पहिला व्यायाम: श्वास

घरी पहिले दोन आठवडे बहुधा एवढंच दिलं जातं, आणि ‘यासाठी पैसे मोजले का’ असं वाटतं. वाटू दे. करा.

पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी किंवा पाय खुर्चीवर. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. जबडा सैल, ओठ किंचित विलग. नाकाने सावकाश श्वास घ्या. खालचा हात वर यायला हवा, वरचा जवळजवळ स्थिर. बरगड्या दोन्ही बाजूंना पसरू द्या. आता लक्ष बसायच्या दोन हाडांच्या मधल्या जागेकडे न्या. श्वास आत येताना ती जागा किंचित रुंद होते, खाली उतरते. ढकलायचं नाही, कुंथायचं नाही, होऊ द्यायचं. लघवी सुरू होण्याच्या क्षणी जे सुटतं, तसं. तोंडाने श्वास सोडताना काहीही करायचं नाही. आवळायचंही नाही.

सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मला आठवडाभर वाटत होतं की मी नुसती झोपून छत बघतेय. एक युक्ती उपयोगी पडली: टॉवेलची गुंडाळी करून खुर्चीवर ठेवायची आणि लघवी-शौचाच्या जागांमधला भाग तिच्यावर टेकेल असं बसायचं. श्वास घेताना टॉवेलवरचा दाब कणभर वाढतो. तो कणभर फरक सापडला की रस्ता सापडला. टेकण्यानेच दुखत असेल तर मात्र ही युक्ती सोडून द्या.

दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, शिवाय दिवसभरात अधूनमधून तीन श्वास. हे अधूनमधूनचे श्वास मला सगळ्यात कामाचे वाटले, कारण आवळणं दिवसभर चालतं, चटईवर नाही. मी फोन वाजला की आधी ‘खाली सैल आहे का’ बघायची.

ताण देण्याचे प्रकार

थेरपिस्ट तुमच्या तपासणीप्रमाणे ठरवतील. नेहमीचे म्हणजे गुडघे छातीशी घेऊन बाहेर फाकवणं, बालासन, पाठीवर झोपून तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडणं. प्रत्येकात गुडघ्यांखाली भरपूर उशा, एक-दोन मिनिटं, श्वास आधी सांगितला तसाच. योगाची सवय असलेल्यांची इथे फसगत होते. शक्य तितकं ताणणं हा हेतू नाही. ताण १० पैकी ३ च्या वर गेला की झोळी उलट आवळते.

थेरपिस्ट हाताने काय करतात

पोट, मांड्यांच्या आतल्या बाजू, नितंब, व्रण यांवर बाहेरून मसाज, आणि तयार असाल तर आतल्या आखडलेल्या गाठींवर बोटाचा स्थिर दाब. गाठ दाबली की दुखणं चढतं आणि काही सेकंदांनी ओसरू लागतं. ओसरायला हवं. चढतच गेलं तर सांगा. ‘सोसलं की लवकर बरं होतं’ हा समज इथे उलटा पडतो.

बायोफीडबॅकमध्ये त्वचेवर किंवा आत सेन्सर लावून स्नायूची हालचाल पडद्यावर रेषेने दाखवतात. दुखण्याच्या रुग्णाने रेष वर न्यायची नसते, खाली आणायला शिकायचं असतं. पहिल्यांदा मी ‘आता मी एकदम सैल आहे’ म्हणाले तेव्हा रेष अर्ध्यावर तरंगत होती.

सत्रानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं, लघवीला थोडं चुरचुरणं होऊ शकतं. त्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलं तर पुढच्या वेळी जोर कमी करायला सांगा.

कमोडवरचे धडे

बद्धकोष्ठ असेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून हे आधी. कमोड वापरत असाल तर पायांखाली पाट घ्या, गुडघे खुब्यांपेक्षा वर, कोपर मांड्यांवर. या कोनात मलाशयाभोवतीचा स्नायूचा फास सैल होतो. कुंथू नका, तोंड उघडं ठेवून ‘हाऽऽ’ असा लांब श्वास सोडा. पाच-सात मिनिटांत नाही झालं तर उठा. शौचाच्या ब्रिस्टल मोजपट्टीवर, जी १ ते ७ असते, ३ किंवा ४ ला असणं चांगलं. १-२ म्हणजे खडे, त्यासाठी पाणी, चोथा, वेळ पडली तर डॉक्टरांकडून औषध.

लघवीला बसल्यावर घाई नको, जोर नको. स्त्रियांनी सीटवर न टेकता अधांतरी बसणं टाळा. मांड्या आवळलेल्या असताना झोळी सुटत नाही. सारखं जावं लागत असेल तर दोन खेपांमधला वेळ वाढवण्याचा कार्यक्रम थेरपिस्टच्या सल्ल्याने, एकावेळी दहा-पंधरा मिनिटांनीच. दुखऱ्या मूत्राशयाला ताणून धरून धडा शिकवायला जाऊ नका.

डायलेटर, वाँड आणि संभोग

संभोग दुखत असेल तर काही काळ आत प्रवेश बंद ठेवा आणि जोडीदाराला कारण मोकळेपणाने सांगा. दात-ओठ खाऊन सहन केलेला प्रत्येक प्रसंग स्नायूंना ‘आवळा’ हेच शिकवतो.

डायलेटर म्हणजे गुळगुळीत, वाढत्या मापांच्या कांड्यांचा संच. योनीला ‘रुंद’ करणं हा त्यांचा उद्देश नाही. स्पर्श झाला तरी धोका नाही, हे स्नायूंना आणि मेंदूला पटवायचं असतं. सगळ्यात लहान मापाने, थेरपिस्टने एकदा करून दाखवल्यावरच सुरुवात करा. सिलिकॉनचा असेल तर वंगण पाण्याचं घ्या, सिलिकॉनचं वंगण त्याला खराब करतं. पाच-दहा मिनिटं, श्वासाबरोबर, दुखणं १० पैकी २-३ च्या पुढे नको. मुखाशी टेकवून नुसतं पडून राहणं हाही पूर्ण सराव आहे. मोठं माप कधी घ्यायचं? आताचं कंटाळवाणं वाटू लागलं की.

वाँड म्हणजे आतल्या गाठी स्वतः दाबण्यासाठीचं वाकडं साधन. ते शिकल्याशिवाय विकत घेऊ नका. दाब किती, तर मिटलेल्या पापणीवर बोटाने द्यावा एवढा.

चढलेल्या दिवसांसाठी कागद

दुखणं मधूनमधून उफाळणार. त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून बऱ्या दिवशी एका कागदावर लिहून ठेवा. माझ्या कागदावर होतं: गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, पाय खुर्चीवर ठेवून श्वास, आवळणारा कुठलाही व्यायाम नाही, डायलेटर, वाँड बंद, घट्ट कपडे बदल, सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाल, घरातल्यांना सांगायचं वाक्य, "आज दुखतंय, माझ्यावर रागावू नका, मी तुमच्यावर रागावलेली नाही." शेवटची ओळ: नवं लक्षण असेल, ताप असेल, तर डॉक्टरांना फोन.

उफाळून आलं म्हणजे पहिल्यापासून सुरू, असं नाही. वही काढून दोन आकडे बघा: किती दिवस टिकलं आणि दोन उफाळ्यांमध्ये किती दिवस गेले. सुधारणा आधी तिथे दिसते, रोजच्या दुखण्यात नंतर.

किती दिवस, आणि कधी बदलायचं

सुरुवातीला आठवड्याला एक सत्र, मग पंधरवड्याला एक. आठ ते बारा सत्रं हा साधारण अंदाज, जुन्या दुखण्यात जास्तही लागतात. सहा-आठ आठवड्यांनी थेरपिस्टबरोबर वही उघडून बसा. दुखण्याच्या आकड्याइतकंच हे मोजा: किती वेळ बसता आलं, रात्री किती वेळा उठावं लागलं, कोणतं काम परत करू लागलात. काहीच हललं नसेल तर पद्धत बदला, थेरपिस्ट बदला, किंवा डॉक्टरांकडे परत जा. एखादी नस, खुब्याचा सांधा, न सापडलेलं एंडोमेट्रिओसिस मागे राहिलेलं असू शकतं. दुखण्याच्या भीतीने बाहेर पडणंच थांबलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत बरोबरीने घ्या. दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ होत नाही; हळव्या झालेल्या मज्जासंस्थेवर हा आणखी एका बाजूने केलेला उपचार आहे.

बळ वाढवण्याचे व्यायाम येतात ते सगळ्यात शेवटी, स्नायू पूर्ण सुटायला शिकल्यावर, आणि तेही गरज असली तरच. माझ्या वेळापत्रकात कीगल परत आले ते पाचव्या महिन्यात: दोन सेकंद आवळायचं, दहा सेकंद सोडायचं, पाच वेळा. शेजारी बसलेल्या थेरपिस्ट घड्याळाकडे बघून मोजायच्या ते सोडण्याचे सेकंद.